ग्रीस, दिवस चौथा : मायसिनीची सोन्याची बाळं आणि एपिदॉरसचे दहा सागरगोटे

सकाळी सव्वासातला अथेन्समधून निघालो. गाडी दादा चालवत होता, शेजारी नकाशा घेऊन मी, आणि मागे आई, मांडीवर कागदी पिशवीत कुलुरी घेऊन. कुलुरी म्हणजे बाहेरून भरपूर तीळ लावलेलं पावाचं कडं. अथेन्समध्ये सकाळी चौकाचौकात हातगाडीवर मिळतं आणि तीन दिवसांत आमची न्याहारी तीच झाली होती.

आज पेलोपोनीज या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात जायचं होतं, आणि खरं तर आजचा रस्ता कालच ठरला होता. काल दुपारी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात मायसिनी या प्राचीन ग्रीक गडावरच्या वस्तूंचं दालन पाहिलं. सगळी गर्दी ‘अ‍ॅगमेम्नॉनचा मुखवटा’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या सोन्याच्या मुखवट्यापाशी होती. आई मात्र दुसऱ्याच एका काचेपुढे थांबली. आत सोन्याच्या अगदी पातळ पत्र्याचं आवरण होतं, एका तान्ह्या मुलाच्या अंगाचं. चेहऱ्याचा भाग वेगळा, आणि हातापायांवरून दाबून बसवलेला पत्रा. आई बराच वेळ तिथून हलली नाही. मग म्हणाली, “हे जिथं सापडलं तिथं जायचं ना आपण उद्या?” जायचं होतंच. पण तिनं विचारल्यावर त्या जाण्याला कारण मिळालं.

ऐंशी किलोमीटरवर कॉरिंथचा कालवा लागतो. महामार्गावरून तो कळतसुद्धा नाही, म्हणून जुन्या रस्त्यानं जाऊन पुलावर उतरलो. दादा सिव्हिल इंजिनिअर, त्याला इथून हलवणं अवघड होतं. सहा किलोमीटरहून थोडा लांब, पाण्याच्या पातळीला जेमतेम २५ मीटर रुंद, आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सरळ उभे कापलेले पिवळट कडे, सगळ्यात उंच ठिकाणी ८० मीटरच्या घरात. हा कालवा १८८२ ते १८९३ या काळात खोदला. पण कल्पना फार जुनी. इ.स. ६७ मध्ये रोमन सम्राट नीरोनं इथं खोदाई सुरू केली होती, पुढच्या वर्षी तो मेला आणि काम बंद पडलं. त्याच्याही सहाशे-साडेसहाशे वर्षं आधी ग्रीकांनी इथं फरसबंद वाट केली होती आणि जहाजं पाण्याबाहेर काढून या समुद्रातून त्या समुद्रात जमिनीवरून ओढत नेत असत. आईला ही ओढत नेण्याची गोष्ट कालव्यापेक्षा जास्त पटली.

नऊच्या आत मायसिनीला पोचलो. शेवटचे काही किलोमीटर संत्र्यांच्या आणि ऑलिव्हच्या बागांमधून जातात. ऑक्टोबरात संत्री अजून हिरवीच असतात. दोन उंच डोंगरांच्या मधे एक बुटकी टेकडी, तिच्यावर राखाडी दगडांची तटबंदी. लांबून पाहताना टेकडी कुठं संपते आणि तट कुठं सुरू होतो ते कळत नाही.

सिंहद्वाराची छायाचित्रं आपण शाळेपासून पाहिलेली असतात. प्रत्यक्षात आधी लक्ष गेलं ते दगडाच्या जातीकडे. चौकटीचे दगड एकसंध नाहीत. नदीतले गोटे एकमेकांत घट्ट चिकटून झालेला हा खडक आहे, शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा दिसतो. वरचा आडवा दगड, दादाच्या भाषेत लिंटेल, सुमारे २० टनांचा. त्याच्यावर भिंत सरळ चढवली असती तर तो मधोमध तडकला असता. म्हणून त्याच्या वर त्रिकोणी पोकळी ठेवली, भिंतीचं वजन दोन बाजूंना उतरवलं आणि पोकळी झाकायला एक पातळ शिळा बसवली. त्या शिळेवर ते दोन प्राणी, मधे खांब, पुढचे पाय चौथऱ्यावर. इ.स.पू. १२५० च्या सुमाराचं काम. डोकी वेगळ्या दगडाची करून बसवलेली होती, ती केव्हाच गेली. त्यामुळे हे सिंहच आहेत असंही खात्रीनं म्हणता येत नाही. पण त्या खांद्यांचे आणि मांड्यांचे स्नायू ज्यानं कोरले त्यानं जिवंत जनावर नीट पाहिलेलं होतं, एवढं दिसतं.

नंतरच्या ग्रीकांना हे दगड माणसांनी रचले असतील हे खरंच वाटेना. सायक्लोप्स नावाच्या एकडोळ्या राक्षसांनी ही तटबंदी बांधली असं ते म्हणायचे. आई लगेच म्हणाली, “आपल्याकडे पांडवांनी एका रात्रीत बांधलं म्हणतात, तसं.” अगदी तसंच. नाशिकची लेणी सातवाहन काळातल्या भिक्षूंसाठी कोरली, दानं देणाऱ्यांचे लेख तिथं भिंतींवर आहेत, तरी लोकांच्या तोंडी ती पांडवलेणीच. मायसिनीत हा प्रकार पावलोपावली आहे. जे दिसेल त्याला महाकाव्यातलं नाव.

दारातून आत गेलं की उजव्या हाताला उभ्या दगडी फळ्यांचं दुहेरी कडं आहे. हेच ते. इथल्या सहा खोल खड्ड्यांत एकोणीस माणसं पुरलेली सापडली, त्यांत दोन लहान मुलं. आईनं बॅग खाली ठेवली आणि कठड्याला धरून उभी राहिली. आत आता गवत आणि दगड एवढंच आहे.

हाइनरिश श्लीमान या जर्मन उत्खननकारानं १८७६ मध्ये इथं खोदलं तेव्हा त्याच्या हातात पॉसानियसचा आधार होता. हा दुसऱ्या शतकातला प्रवासी. त्यानं लिहून ठेवलं होतं की अ‍ॅगमेम्नॉन आणि त्याच्याबरोबर मारले गेलेले लोक तटाच्या आत पुरले आहेत. श्लीमाननं तटाच्या आत खोदलं, आणि किलोंनी सोनं निघालं. पाच मुखवटे, कट्यारी, पेले. त्याला वाटलं, होमरच्या महाकाव्यातल्या ट्रॉयच्या युद्धाचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉन सापडला. पण ही दफनं इ.स.पू. सोळाव्या शतकातली आहेत, म्हणजे ट्रॉयचं युद्ध ज्या काळात झालं असं मानतात त्याच्या तीनएकशे वर्षं आधीची. मुखवटा अस्सल, त्याला चिकटवलेलं नाव मात्र उसनं. या एकोणिसांपैकी एकाचंही खरं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

मला इथं आठवण येते ती स्टामाटाकिसची. पानागिओटिस स्टामाटाकिस हा ग्रीक पुरातत्त्वज्ञ श्लीमानच्या कामावर देखरेखीसाठी नेमलेला होता. सोन्याच्या ओढीनं वरचे थर भराभर उपसले जात होते, आणि हा माणूस अडवत होता, नोंदी करत होता, वरिष्ठांना कळवत होता. श्लीमान गेल्यावर सहावी कबर त्यानं शोधली. फलकांपुढे थांबणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असतं? माझ्या मते त्या कड्यापाशी सोन्याच्या आधी त्याचं नाव घ्यायला हवं.

वर राजवाड्याची जागा. मधल्या दालनातल्या मोठ्या चुलीचा गोल अजून दिसतो. तिथून आर्गोसचं सगळं मैदान आणि पार टोकाला समुद्राची रेघ. गडावर गेलं की आधी पाण्याचं टाकं शोधायचं ही आमची घरची सवय, म्हणून मागच्या बाजूला उतरलो. तटाखालून एक बोगदा पायऱ्यांनी खाली जातो, थेट जमिनीखालच्या हौदापर्यंत. बाहेरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून या हौदात आणलेलं होतं, म्हणजे वेढा पडला तरी तटाबाहेर जायला नको. आम्ही फोनचा दिवा लावून पहिल्या वळणापर्यंत उतरलो. पायऱ्या गुळगुळीत, हवा एकदम गार. आईनं वरूनच हाक मारली, “पुरे झालं आता, वर या.”

खाली परतताना तटाबाहेरच्या घरांचे पाये लागतात. बहुतेक लोक इथं थांबत नाहीत, मला मात्र आजच्या सबंध सकाळीत हीच जागा सगळ्यात जवळची वाटली. या घरांत मातीच्या छोट्या पाट्या सापडल्या. त्यांवरची लिपी, लिनिअर बी, मायकेल व्हेंट्रिसनं १९५२ मध्ये उलगडली. तो व्यवसायानं वास्तुविशारद होता. वाचल्यावर कळलं की भाषा ग्रीकच आहे, होमरच्या कितीतरी आधीची. आणि त्यांत काव्य नाही, शौर्यगाथा नाहीत, हिशेब आहेत. मी आईला पाट्यांवरचे शब्द वाचून दाखवले : को-री-या-दा-ना, म्हणजे धणे. कु-मि-नो, म्हणजे जिरं. सा-सा-मा, तीळ. मा-रा-तु-वो, बडीशेप. मि-टा, पुदिना.

“हा तर मसाल्याचा डबा झाला,” आई म्हणाली. “किती दिलं, कुणाला दिलं, तेही लिहिलंय?”

तेही लिहिलेलं असतं. या पाट्या कच्च्या मातीच्या होत्या, कायम ठेवायला केलेल्याच नव्हत्या. इ.स.पू. तेराव्या शतकात ही घरं जळाली आणि त्या आगीत पाट्या भाजून पक्क्या झाल्या. घराची राख झाली आणि जिऱ्याधण्याचा हिशेब मागे राहिला. आईनं पिशवीतली उरलेली कुलुरी काढली, तिच्यावरचे तीळ पाहिले, तिघांना तुकडे दिले. आम्ही तिथंच एका दगडावर बसून खाल्ले.

रस्त्यानं थोडं खाली ‘अ‍ॅट्रियसचा खजिना’. अ‍ॅट्रियस म्हणजे कथेतला अ‍ॅगमेम्नॉनचा बाप, पण हे नावही उसनं. खजिना नाही, ही कबर आहे, इ.स.पू. तेराव्या-चौदाव्या शतकातली. दोन्ही बाजूंना घडीव दगडांच्या भिंती असलेली ३६ मीटरची वाट थेट डोंगरात शिरते आणि शेवटी उंच दार. आत गेलो आणि दादानं मान वर केली ती खाली घेईचना. साडेचौदा मीटर व्यासाची गोल खोली, तेरा मीटरहून उंच, मधमाशांच्या पोळ्यासारखी निमुळती होत गेलेली. दगडांचे ३३ थर, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला. दारावरच्या दोन दगडांपैकी आतला अंदाजे १२० टनांचा आहे.

“चुना कुठंच नाही,” दादा म्हणाला. “आपल्या हेमाडपंती देवळासारखं. नुसतं वजन आणि बैठक.” मग त्यानं आम्हाला भिंतीजवळ बोलावलं आणि दाखवलं की दाराच्या दगडाची आतली बाजू सपाट नाही, खोलीच्या गोलाईला जुळेल अशी वक्र घडवली आहे. एवढं वजनदार धूड, आणि त्याच्या पोटाला हातभर वळण इतक्या नेमकेपणानं. दादा आयुष्यभर पूल बांधत आला आहे, तो सहसा कशानं भारावत नाही. तिथून निघताना तो गाडीपर्यंत काही बोलला नाही.

जेवायला नाफ्प्लिओला. बंदराचं देखणं गाव, नव्या ग्रीसची १८३४ पर्यंतची राजधानी. भात भरून भाजलेले टोमॅटो आणि ढोबळ्या मिरच्या आईला फार आवडल्या. डोक्यावर पालामिदीचा व्हेनिशियन किल्ला, १७११ ते १७१४ मध्ये बांधलेला. तो चढायचा मोह मोठा होता, पण एपिदॉरसला उजेडात पोचायचं होतं. संत स्पिरिडॉनच्या छोट्या चर्चपाशी मात्र थांबलो. १८३१ मध्ये देशाचा पहिला राज्यप्रमुख कापोडिस्ट्रियास याला इथं दारातच मारलं. गोळीची खूण भिंतीत काचेखाली जपून ठेवली आहे.

एपिदॉरस अर्ध्या तासावर. इथं बहुतेक जण थिएटर बघून परत फिरतात. ते करू नये असं मी कळकळीनं सांगेन, कारण थिएटर हा या जागेचा एक भाग आहे आणि जागा आहे ती दवाखान्याची. वैद्यकीचा देव अस्क्लेपियस, त्याचं हे सगळ्यात मोठं तीर्थ. आजारी माणसं लांबलांबून यायची, स्नान करून देवाला अर्पण करायची आणि रात्री एका लांबट ओसरीत झोपायची. स्वप्नात देव येई, कधी औषध सांगे, कधी स्वतःच शस्त्रक्रिया करी. देवाचे साप इथं मोकळे फिरत, माणसाला न डसणारे. संग्रहालयात काशाची वैद्यकीय हत्यारंही ठेवली आहेत, म्हणजे उपचार नुसते स्वप्नात होत नसणार.

त्याच संग्रहालयात उभ्या शिळा आहेत, इ.स.पू. चौथ्या शतकातल्या, बारीक अक्षरांनी गच्च भरलेल्या. त्यांवर बऱ्या झालेल्या रोग्यांच्या सत्तरएक हकीकती आहेत. पद्धत ठरलेली : नाव, गाव, आजार, स्वप्न, आणि सकाळी काय झालं. मी आधी वाचून गेले होते, त्यातल्या दोन आईला सांगितल्या.

एक अथेन्सच्या अँब्रोसियाची. एका डोळ्यानं आंधळी. आवारात फिरताना या हकीकतींना ती हसली, म्हणाली, नुसतं स्वप्न पाहून लंगडे-आंधळे बरे होतात होय? रात्री देव स्वप्नात आला. बरं करतो म्हणाला, पण तुझ्या अज्ञानाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहायचं. सकाळी तिला दिसू लागलं. आई म्हणाली, आपल्याकडे चांदीचे डोळे वाहतात, तसा नवस.

दुसरी युफानीसची. याच गावचा मुलगा, मुतखड्यानं हैराण. स्वप्नात देवानं विचारलं, तुला बरं केलं तर मला काय देशील? मुलगा म्हणाला, “दहा अस्त्रागालोई.” हे म्हणजे मेंढीच्या घोट्याची छोटी हाडं, मुलं त्यांच्याशी खेळत. आपले सागरगोटेच. देव हसला आणि म्हणाला, बरं करतो. सकाळी मुलगा बरा होऊन बाहेर आला.

आईला हसू फुटलं, आणि पाठोपाठ डोळे भरून आले. काल पाहिलेल्या बाळाला सोनं मिळालं आणि नाव गेलं. या पोराकडे दहा सागरगोटे होते, आणि त्याचं नाव चोवीसशे वर्षं दगडात टिकलं. मला कार्ल्याचं चैत्यगृह आठवलं. तिथल्या खांबांवरही असंच नाव, गाव आणि काय दिलं एवढंच कोरलेलं आहे, आणि त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. एकेकानं एकेक खांब दिलेला. यवन म्हणजे ग्रीक, हा शब्द आयोनिया या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आपल्याकडे आला. लोणावळ्याच्या त्या डोंगरात मी कितीदा गेले असेन, पण ते लेख पुन्हा नीट पाहायला हवेत असं इथं, इतक्या लांब येऊन वाटलं.

थिएटरला पोचलो तेव्हा साडेचार वाजत आले होते. पाइनच्या झाडांतून वर चढलं की एकदम समोर येतं. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचं, खाली ३४ रांगा, वर नंतर वाढवलेल्या २१. तेरा-चौदा हजार माणसं बसतील एवढं. मधे मातीचं पूर्ण गोल रंगस्थान आणि त्याच्या मध्यावर एक गोल दगड.

आई तरुणपणी सांगलीत हौशी नाटकांत कामं करायची. ज्या गावात १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, त्या गावात नाटक न करणारं घर सापडणं कठीण. माईक नसायचे. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे, ही त्यांच्या दिग्दर्शकांची एकच अट. लग्नानंतर तिची नाटकं सुटली. तिनं कधी तक्रार केली नाही, पण अजूनही घरात ती कुणाला ओरडून बोलावत नाही. आवाज फेकते.

“तू वर जा,” ती मला म्हणाली. “अगदी शेवटच्या रांगेत.”

मी पंचावन्न रांगा चढले. मार्गदर्शक सांगतात की मध्यावर नाणं टाकलं तरी वरपर्यंत ऐकू येतं. एका डच संशोधक गटानं २०१७ मध्ये इथं मोजमापं घेतली, तेव्हा कुजबुज किंवा नाणं शेवटच्या रांगांपर्यंत स्पष्ट पोचत नाही असं आढळलं. पण नीट लावलेला आवाज पोचतो. आणि त्याचं एक कारण २००७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी मांडलं होतं : चुनखडीच्या या पायऱ्यापायऱ्यांच्या रांगा खालच्या पट्टीतला गोंगाट, वाऱ्याची आणि गर्दीची गुणगुण, शोषून घेतात आणि वरच्या पट्टीचे ध्वनी परत पाठवतात. व्यंजनं स्वच्छ ऐकू येतात ती त्यामुळे.

खाली एक मोठा घोळका टाळ्या वाजवत होता. आई बाजूला थांबून राहिली. घोळका गेला. मग ती सावकाश चालत त्या दगडावर जाऊन उभी राहिली, पदर नीट केला. मला वाटलं एखाद्या नाटकातलं स्वगत म्हणेल.

“दगड पोळतोय का गं वरचा?” ती म्हणाली. “सावलीत बस.”

प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू आलं. पोळतोयमधला ळ, बसमधला स. ती बोटाएवढी दिसत होती आणि आवाज मात्र शेजारी बसल्यासारखा. माझ्या डावीकडे एक वयस्कर ग्रीक जोडपं बसलं होतं. भाषा कळली नसणार, पण त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, खाली आईकडे बोट केलं आणि विचारलं, “मामा?” मी हो म्हटलं. त्यांनी छातीवर हात ठेवला. मी आईला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला आवाजच फुटला नाही.

आई अजून थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग आणखी दोन-चार वाक्यं बोलली, तिच्या कुठल्याशा जुन्या भूमिकेतली असावीत, मला ओळखता आली नाहीत. दादा पहिल्या रांगेत बसला होता. त्यानं फोन काढला नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

परतीचा रस्ता समुद्राच्या कडेकडेनं घेतला. इस्थमियाला कालव्याच्या तोंडाशी दुसरा पूल आहे, होडी आली की तो वर उचलला जात नाही, पाण्यात बुडतो. आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंदच होतं. दादा गाडीतून उतरून काठावर गेला. एक पांढरी शिडाची होडी पुलाच्या जागेवरून शांतपणे गेली, मग घंटी वाजली आणि लाकडी फळ्या पाणी गाळत हळूहळू वर आल्या.

मागून आईनं विचारलं, “त्या मुलाचं नाव काय म्हणालीस?”

“युफानीस.”

“युफानीस,” तिनं दोनदा म्हणून पाहिलं. फाटक उघडलं. दादा धावत येऊन बसला आणि गाडी ओल्या फळ्यांवरून पलीकडे गेली.